आईने मामाची शेड बंद केली तेव्हा

"साहेब, माझ्या मैत्रिणी विचारताहेत, तुम्ही माझ्या आईला घाबरता का?"

पैज मैत्रिणींची होती, तोंड माझं. आमच्या दारात लष्कराची गाडी थांबली की सगळी गल्ली खिडकीत येते आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एकच विषय असतो: गुराढोरांच्या डॉक्टरकडे एवढे मोठे साहेब कशाला येतात, तिला घाबरतात की काय? हिंमत असेल तर विचारून दाखव, म्हणाल्या. घ्या, विचारलं!

बाबा चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकले. छावणीचे साहेब मात्र खो खो हसले.

"घाबरतो तर! माझ्या हजारो माणसांची अंडी-कोंबडी तुझ्या आईने एका सहीत बंद केली. शत्रूलाही जमलं नसतं हे."

"आणि अख्खी छावणी तापाने फणफणली, तर शत्रूला काही करावंच लागणार नाही," आई म्हणाली. "पहाऱ्यावर मीही आहेच, साहेब. फक्त माझ्या पायात गमबूट असतात."

माझी आई जिल्ह्यातल्या सगळ्या पशुवैद्यकांची प्रमुख. मामाच्या शेडमधल्या कोंबड्या पटापट मरायला लागल्या, तेव्हा त्याने लगेच तिला फोन केला. कोंबड्यांकडून माणसांना होणाऱ्या तापाची शंका आली, म्हणून तिने नमुने प्रयोगशाळेत पाठवले आणि अहवाल येईपर्यंत जिल्ह्यातल्या कोंबड्यांच्या, अंड्यांच्या सगळ्या गाड्या थांबवल्या. सगळ्यात आधी बंद केली मामाची शेड. मामालाही तिथून हलायची बंदी! अहवाल वाईट आला, तर साथ रोखायला त्याच्या सगळ्या कोंबड्या माराव्या लागणार होत्या.

पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये मामाचा रुसलेला चेहरा होता. मागे कोंबड्यांचा कलकलाट.

"ताई, मी फोन बहिणीला केला होता. आली मात्र मोठी अधिकारी!"

"बहीण आली असती तर गळ्यात पडून रडली असती. कोंबड्या बऱ्या झाल्या असत्या त्याने?"

"मला तरी बरं वाटलं असतं ना!"

आई स्वच्छ असलेला चष्माच पुन्हा पुसत बसली.

साहेबांनी घसा खाकरला. "मॅडम, एक खेप तरी सोडा. उद्या माझी माणसं सीमेवर निघताहेत."

"डाळ द्या त्यांना. डाळीला ताप येत नाही."

मी हसू दाबलं, बाबांना दाबता आलं नाही.

तेवढ्यात आईचा दुसरा फोन वाजला. प्रयोगशाळा! "हं... नक्की? परत तपासलंत?" फोन ठेवून ती खुर्चीत बसली.

"साथीचा आजार नाही. खाद्याला बुरशी लागली होती, त्याने मेल्या. मामासाहेब, ते सगळं खाद्य फेका. तुमची अंडी अजून थोडे दिवस बंदच. बाकीच्यांच्या गाड्या सोडते."

मामाने अशी आरोळी ठोकली की मोबाइल आडवा पडला. मी उचलेपर्यंत त्याचा पारा पुन्हा चढला होता.

"म्हणजे सगळ्यांना उगाच वेठीला धरलंस?"

मला वाटलं, आता आई त्याला फाडून खाणार.

"हो रे, उगाच!" ती चक्क हसली. "हा शब्द ऐकायला किती जीव टांगणीला लागला होता माझा." मग मोबाइल दोन्ही हातांत धरून म्हणाली, "आता बहीण बोलतेय. जेवलास का रे काही?"

मामाने मोबाइल कोंबड्यांकडे वळवला आणि बराच वेळ आम्हाला फक्त कोंबड्या दिसत राहिल्या.

निघताना साहेब मला म्हणाले, "मैत्रिणींना सांग, घाबरतो. म्हणून तर बिनघोर जेवतो."

गाडी गेली. बाबांनी हळूच विचारलं, "मग आज ऑम्लेट?" आईने मान डोलावली. ताट समोर आलं तेव्हा मी चमच्याने पेला वाजवला.

"आई, बाबा, ऐका. माझं ठरलंय. मी जनावरांची डॉक्टर होणार. नुसती सुई टोचणारी नाही, सगळे कितीही ओरडले तरी गाड्या थांबवणारी. हसू नका, बाबा! आणि मामाची शेड मीसुद्धा बंद करणार. फक्त आधी विचारणार, जेवलास का, आणि मग बंद करणार."