बुधवारची तार

विमानाची चाकं हलेपर्यंत घरी तार करायची नाही, हा नियम एडनच्या विमानतळावर नव्या माणसांना मीच शिकवायचो. आमच्या कंपनीत नोकरांना तिकीट जवळजवळ फुकट मिळे, पण जागा उरली तरच बसायचं. पुरं तिकीट काढलेला उतारू आला की आपण उठायचं, मग तो शेवटच्या मिनिटाला धापा टाकत का येईना. म्हणून विमान सुटलं की मागं राहिलेल्या सोबत्यानं तार करायची, अशी आमची पद्धत होती. मी कितीतरी जणांना पट्टा सोडायला लावून खाली उतरवलं होतं. वर सुनावलंही होतं, की घरी आधी कळवायची घाई कुणी सांगितली होती?

आणि शिरूरला गेलो की हाच मी वेगळं बोलायचो. एका रजेत बाजारपेठेतल्या चहाच्या दुकानात पोपटराव पाटलांनी विचारलं, "दानिएलराव, इमानात जागा कशी मिळती वो?" मी पायावर पाय टाकून म्हणालो, "एस्टीला हात दाखवता ना, तसं. आपलीच कंपनी." दुकान गप्प झालं. मिशनच्या आवारात दोन खोल्यांत वाढलेल्या पोराला असं गप्प झालेलं दुकान फार आवडतं.

त्यानंतर वर्षभरानं, एकसष्ट सालच्या एप्रिलात, आईचं पत्र आलं. धाकट्या बहिणीचं, दयाचं, लग्न ठरलं होतं. मुलगा विल्यम, दौंडच्या इंजिनशेडमध्ये फायरमन. मे महिन्यातल्या गुरुवारी दुपारी चार वाजता शिरूरच्या चर्चमध्ये लग्न, आणि शनिवारी सकाळच्या गाडीनं दोघं सोलापूरला जाणार, कारण त्याची तिकडं बदली झाली होती. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. आमच्यात नवरीला हाताला धरून चर्चमध्ये बाप आणतो. बाप नसेल तर भाऊ. आईनं शेवटी लिहिलं होतं, 'तुला जमत नसेल तर राहू गावच्या येशुदासमामाला सांगून ठेवते.'

मला राग आला. मी उलट टपाली लिहिलं, 'मामाला मुळीच सांगू नकोस. मी विमान कंपनीतला माणूस आहे. दयाचा हात मीच धरणार.'

मुंबईचं विमान सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी जायचं. लग्नाआधीच्या रविवारी मी यादी पाहिली. सोमवारच्या विमानात अकरा जागा रिकाम्या होत्या. अकरा! मी माझाच नियम मोडला आणि तार ठोकली, की मंगळवारी पोचतो.

सोमवारी सकाळी बंदरात एक बोट बिघडली आणि तिचे मुंबईचे उतारू आमच्याकडे लोटले. अकरा जागा अर्ध्या तासात भरल्या. बुधवारचं विमानही भरलं, फक्त एक जागा उरली. ती मला मिळाली. हे विमान संध्याकाळी मुंबईला, रात्रीची गाडी, गुरुवारी सकाळी दौंड, दुपारच्या आत शिरूर. मी खिडकीशी बसलो आणि पट्टा आवळला.

तेवढ्यात माझा गोवेकर सोबती शिडी चढून आत आला. त्याची चाल मी ओळखली. बैठकांच्या रांगांवरून नजर फिरवत, कुणाकडेच न बघता यायचं. ती चाल त्याला मीच शिकवली होती. त्याच्यामागं एक म्हातारा बोहरी होता, हातात पुरं तिकीट, घामानं थबथबलेला. "माफ करा हां," तो मला म्हणाला. त्याची काही चूक नव्हती. मी उठलो. माझी बॅग मात्र विमानाच्या पोटात भरलेली होती, ती मुंबईला गेली. तिला कुणी उतरवलं नाही.

मी सरळ तारेच्या खिडकीशी गेलो. फॉर्म घेतला आणि इंग्रजीत लिहिलं, 'माझी वाट पाहू नका. दयाला मामांनी न्यावं.' पत्ता घातला, सही केली. तेव्हा गोवेकर मागून म्हणाला, "थांब, नैरोबीहून दुसऱ्या कंपनीचं विमान येतंय पाच वाजता. मी बोललोय त्यांच्याशी." मी फॉर्म घडी करून खिशात घातला. पाच वाजता धुळीचं वादळ उठलं आणि ते विमान न उतरताच डोक्यावरून निघून गेलं.

त्यानंतरचं सांगायला मला आजही जड जातं. विमानतळावरची खिडकी तोवर बंद झाली होती, पण गावातलं तारघर उघडं होतं. टॅक्सीनं पंधरा मिनिटं. मी गेलो नाही. ती तार आमच्या आवारात वाचली जाणार, मामाला निरोप जाणार, चहाच्या दुकानात पोपटराव म्हणणार, 'का वो, एस्टी थांबली न्हाई व्हय?' मला ते सोसेना. मी मनाशी म्हटलं, मी पोचलो नाही तर त्यांना कळेलच; मामा काय, शिरूरला उभेच असतील.

गुरुवारी मी खोलीवर होतो. एडनमध्ये दीड वाजला की आपल्याकडे चार. सव्वा वाजता मी लग्नासाठी घेतलेले बूट घातले. कपडे बॅगेबरोबर गेले होते, बूट तेवढे राहिले होते. मळक्या पँटवर ते काळे चकचकीत बूट घालून मी खाटेवर बसलो. दीड वाजला. आता पेटी वाजत असेल. आता मामा तिला घेऊन निघाले असतील. दोनपर्यंत सगळं आटोपलं असं धरून मी बूट काढले. त्या परक्या गावात, एवढ्या माणसांत, आज माझ्या बहिणीचं लग्न आहे हे सांगावं असं माझं कुणी नव्हतं. मी भिंतीकडे तोंड करून रडलो.

शुक्रवारचं विमान निम्मं रिकामं होतं. माझ्या रांगेत मी एकटाच. मुंबईला बॅग माझी वाट बघत होती.

शनिवारी सकाळी दौंडला उतरलो तेव्हा सोलापूरची गाडी पलीकडच्या फलाटावर लागलेली होती. विल्यमकडे रेल्वेचा पास होता, त्यांच्या जागा पक्क्या. आई सामानापाशी उभी होती, शेजारी राहूचे मामा. दया डब्याच्या दारात होती. मला पाहून ती हसली, म्हणजे हसायला लागली आणि मधेच तिचे ओठ वाकडे झाले.

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार वाजल्यापासनं पोर चर्चच्या दारात हुबी व्हती. नगर रस्त्याला मोटार वाजली की समदी म्हनायची, आला दानिएल. पाळकसाहेब येऊन येऊन सांगायचे, सातच्या आत लगीन लागाया पायजे, तसा कायदाच हाय. तरी ही हलंना."

"मग मामा..." मी म्हणालो.

"म्या म्होरं झालो व्हतो," मामा म्हणाले. "पोरगी म्हनली, दादानं नगं म्हनून लिवलंय. तो येतोच म्हनलाय."

"पावनेसातला एकलीच आत गेली," आई म्हणाली. "डावा हात असा कोपरात वाकवून. कुनी धरल्यावानी."

गार्डनं शिट्टी दिली. दया दारातून वाकली आणि आईला म्हणाली, "आता त्याला बोलू नगंस, आई. तार कुठंतरी अडकली असंल. येनं जमत नसताना दादा कळवल्याबिगर ऱ्हायचा न्हाई."

एवढं ऐकून गप्प बसता आलं असतं. तिनं तसंच समजून सोलापूरला जावं, असं क्षणभर मला वाटलंही. मग मी खिशातला फॉर्म काढून तिच्या हातात दिला.

तिनं घडी उलगडली. मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी तिला येत होतं. वाचून झाल्यावर तिनं कागद उलटा केला, मागे तारघराचा शिक्का आहे का बघितलं.

"कवा लिवलीस ही?"

"बुधवारी. दुपारी."

"धाडली न्हाईस."

"नाही."

विल्यम तिच्यामागे येऊन उभा राहिला होता, तो आत सरकला. दयानं कागदाची पुन्हा घडी घातली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. "ही आली असती तर म्या मामाचा हात धरला असता, दादा," ती म्हणाली.

गाडी हलली. मी चालायला लागलो. "दया, हात दे," मी म्हणालो. तिनं दिला. तिचा हात धरून मी डब्याबरोबर चालत राहिलो, आधी सावकाश, मग भरभर, पाण्याच्या नळापर्यंत, मग फलाटाच्या पाटीपर्यंत. ती समोर बघत होती, चर्चमध्ये नवरी बघते तशी. पाटीपुढं उतार लागला आणि मला हात सोडावा लागला.

गाडी वळणाआड गेली तेव्हा माझ्या लक्षात आलं, तारेचा कागद तिनं माझ्या मुठीत परत ठेवला होता.