पायगुणाचा दोर

मित्रांनो, मी गिर्यारोहणाचा एक जुना दोर आहे आणि मी अतिशय भित्रा आहे. हसू नका! ज्याच्या भरवशावर माणसं कड्यावर लोंबकळतात तोच घाबरट निघाला, तर हसू येणारच म्हणा. पण माझी हकिगत ऐकलीत तर तुम्हीही माझ्यासारखेच घाबराल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या यंत्रांनी पांढऱ्या बारीक धाग्यांचे पीळ एकत्र करून माझा गाभा बनवला आणि त्यावर निळं-पिवळं वेष्टण विणून चढवलं. दोराची खरी ताकद गाभ्यात असते, वेष्टण फक्त त्याला जपतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण माझं दुखणं तिथेच आहे.

मला घरी आणलं ते एका सुताराने. त्यांना सगळे कप्तान म्हणत. एरवी ते बाकं, कपाटं आणि पाळणे बनवायचे, पण सुट्टी मिळाली की डोंगर गाठायचे. त्यांनी मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. ते मला धुऊन सावलीत वाळवायचे. चुकून कुणाचा पाय माझ्यावर पडला, तर ओरडायचे, "अहो, डोळे काय खिशात ठेवलेत?"

मग तो वाईट दिवस आला. एका खडकाळ चढावर कप्तानांचा पाय निसटला आणि ते सरळ खाली गेले. मी खडकाच्या धारेवर दाबला गेलो. माझ्या आतले पीळ तटातट तुटले. उरलेल्यांनी कसाबसा त्यांचा भार पेलला आणि कप्तान वाचले. वर आल्यावर त्यांनी मला छातीशी धरलं आणि ते ढसाढसा रडले. बाहेरून मला जेमतेम एक ओरखडा आला होता. पुढच्या धुण्यात तोही दिसेनासा झाला.

असा जबर हिसका सोसलेला दोर पुन्हा वापरायचा नसतो. हे कप्तान नवख्यांना घसा फोडून सांगत. पण दिव्याखाली अंधार! माझ्यासाठी त्यांनी आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या भिंतीवर सागवानी खुंटी ठोकली. आल्यागेल्याला ते सांगायचे, "हा आमचा पायगुणाचा दोर." मला पाय कुठले? तरी पायगुण मात्र चांगला ठरला. लोक कौतुकाने मला हात लावत आणि मी मनात म्हणे, चला, सुटलो, आता इथेच म्हातारा होईन.

कसलं काय! कप्तानांच्या मुलीने एक शिखर निवडलं. तिला घरात चिमणी म्हणत. लहान लहान बर्फाळ शिखरं तिने केली होती, पण हे त्यांहून बरंच उंच होतं. वाटेत एक लांबलचक हिमनदी होती आणि तिच्यात बर्फाने झाकलेल्या खोल फटी होत्या. ही चढाई ना धड नवशिक्यांची, ना धड पट्टीच्यांची. माणूस फसतो तो अशाच ठिकाणी, कारण थोडं येत असलं की सगळं येतं असं वाटू लागतं.

बेत आखायला सगळे कारखान्यात जमत. भुसा झटकून लाकडाला रंधा मारायच्या टेबलावर नकाशा पसरत. कुठे तळ टाकायचा, उंचीची सवय व्हायला कुठे सामान पोहोचवून पुन्हा खाली झोपायला यायचं, हवा बिघडली तर किती दिवस हाताशी ठेवायचे, सगळं ठरत होतं. चिमणी म्हणाली, "ठरलेली वेळ झाली की मागे फिरायचं. शिखर नाकासमोर असलं तरी."

जेवणखाण आणि औषधं काकांकडे होती. हे काका म्हणजे कप्तानांचे मित्र, त्यांचं औषधांचं दुकान आहे. ते म्हणाले, "आणि उंचीवर डोकं दुखलं तर लपवायचं नाही. तिथे शूरपणा केला की डोकं घरच्यांना धरून बसावं लागतं."

सगळे हसले, मीही हसलो. मग कप्तान म्हणाले, "फटींच्या पट्ट्यात आपण तिघं एकाच दोराला बांधून चालू. पुढे चिमणी, ती सगळ्यांत हलकी आहे."

"नवा दोर बांधायचा ना?" काकांनी विचारलं.

"नवा वरच्या उतारासाठी." कप्तानांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "चिमणीच्या कमरेला हाच. याने मला परत आणलं, तिलाही आणेल."

पायाखालची जमीन सरकली असं तुम्ही म्हणता. माझ्याखालची खुंटीच सरकली! चिमणी पुढे चालणार, बर्फ तिच्याच पायाखाली खचणार आणि ती माझ्या भरवशावर त्या काळोखात लटकणार. मला माहीत होतं की मी तुटणार. ओरडून सांगावं तर तोंड नाही, पळून जावं तर पाय नाहीत. ज्या माणसाने मला जिवापाड जपलं, त्याचीच मुलगी माझ्या हातून जाणार, या विचाराने मी खुंटीवर लटकल्या जागी थिजलो.

निघण्याआधी सामान जुन्या चादरीवर मांडलं गेलं. बुटांना लावायचे काटे, बर्फाच्या कुऱ्हाडी, दोर अडकवायच्या कड्या आणि शेवटी मी. या मंडळींचा एक रिवाज होता, 'ज्याचा जीव, त्याचा हात.' ज्याला दोर बांधायचा, त्यानेच तो टोकापासून टोकापर्यंत बोटांनी चाचपायचा. चिमणीने मला उचललं, तसे कप्तान दुखावले.

"याला काय तपासायचं? आजोबांची नाडी बघतेस?"

"आजोबांचीच आधी बघायची असते, बाबा."

शाब्बास, पोरी! तिची बोटं माझ्यावरून सरकू लागली. तुटकी जागा जवळ आली. आणखी जवळ आली. इतक्यात आतून तिच्या आईने हाक मारली, "चिमणे, लोकरीचे मोजे किती जोड ठेवू?"

"सगळे ठेव गं!" चिमणीने मान वळवली, आणि बोटं त्या जागेवरून सर्रकन पुढे निघून गेली.

संपलं!

"ठीक वाटतोय," ती म्हणाली.

"मी काय म्हणत होतो?" कप्तानांची कळी खुलली. "पण असं गप्पा मारत दोर बघतात का? आण इकडे. डोळे मिटून बघायचं, असं."

सुताराचीच बोटं ती. लाकडातली न दिसणारी गाठसुद्धा त्यांना कळते. ती सावकाश सरकत आली आणि त्या जागी थांबली. मागे गेली, पुन्हा तिथेच आली. कप्तानांनी मला तिथे वाकवलं. निरोगी दोर वाकवला की गोल वळतो. मी ओल्या फडक्यासारखा चपटा दुमडलो.

"काही नाही," ते पुटपुटले. "जरासा मऊ झालाय."

"बाबा, मी याला लटकणार आहे."

मग कप्तानांनी टेबलावरची सुरी घेतली आणि माझं वेष्टण चिरलं. फाटक्या उशीतून कापूस यावा तसे माझे तुटके धागे बाहेर आले. कप्तान ते धागे बोटांनी चाचपत राहिले.

"मी तुला याला बांधणार होतो..."

चिमणीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हाला वाचवलं तेव्हाच त्याने होतं नव्हतं ते देऊन टाकलं, बाबा. आता आणखी काय मागता त्याच्याकडे?"

त्यांनी स्वतः मला कापलं. खरं सांगू? इतकं सुख मला कधीच झालं नव्हतं.

माझा धड उरलेला तुकडा मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला बांधला. मोहीम नव्या दोरांवर निघाली आणि माझी भीती पुन्हा सुरू झाली. चिमणीची आई माझ्यावर कपडे घालायची आणि चिमटा हातात धरून तशीच रस्त्याकडे बघत राहायची. आम्ही दोघं मिळून घाबरायचो.

एके सकाळी माझ्यावर ओले लोकरीचे मोजे पडले. एक जोड मोठा, एक जोड लहान. चिमणी आईला सांगत होती, "शिखर नाही झालं. वेळ संपली, फिरलो मागे. येताना बर्फ खचला आणि मी फटीत गेले. दोराने धरलं गं, आई." आई तिचा चेहरा चाचपत राहिली.

कारखान्याचं दार उघडंच होतं. कप्तान तो नवा दोर हातात घेऊन माझ्या रिकाम्या खुंटीसमोर उभे होते. आता हाही पायगुणाचा होणार!

मित्रांनो, ज्याने तुम्हाला सांभाळलं त्याला नमस्कार जरूर करा, पण त्याची नाडीही बघा. तो थकला असेल तर त्याला सुट्टी द्या. आमच्यासारख्यांना दुखणं सांगता येत नाही.

कप्तानांनी त्या दोरावरून एकदा हात फिरवला आणि चिमणीला हाक मारून, "आधी याची नाडी बघ," म्हणत तो तिच्या हातात दिला. मग त्यांनी हातोडी घेतली आणि भिंतीतली खुंटीच उपटून काढली.