बाजरीतला पाय

दिंडोरीच्या झुंबरबाईंना एका गोष्टीचा मोठा अभिमान होता. नातीचं दुखणं सगळ्यांत आधी त्यांनी खरं मानलं होतं.

खो-खो खेळताना वैष्णवीच्या घोट्याच्या हाडाला चीर गेली. प्लास्टर चढलं, उतरलं, फोटोत हाड नीट जुळलेलं दिसलं. पण पाय जमिनीला टेकेना. मोजा नुसता लागला तरी आग व्हायची. शाळेचे खेळाचे सर म्हणाले, "नाटकं आहेत." धनराज, तिचा बाप, तोही एकदा बोलून गेला, "परीक्षा आली की दुखतं हिचं."

"तुझ्या पोटात कळ यायची तेव्हा कोणी परीक्षेचं इचारलं होतं का रे?" झुंबरबाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर संघ निवडायचा होता. तोवर पाय टेकला नाही, तर पोरीची जागा जाणार होती आणि नाटकी हा शिक्का मात्र कायमचा बसणार होता.

म्हणून त्या तिला घेऊन नाशिकला फिजिओथेरपिस्ट चैतालीकडे आल्या. चैतालीनं दुखणं मोजायचा हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा तक्ता उचलला, तर वैष्णवी म्हणाली, "मी काय बालवाडीत आहे?"

"बरोबर, हा लहानग्यांसाठी." चैतालीनं तक्ता ठेवून दिला. "तू शब्दांत सांग. कसं दुखतं?"

"लय आग होते हो तिला, ताई," झुंबरबाई सांगू लागल्या. "रातचं पांघरूणसुद्धा..."

"आजी, पाय कुणाचा आहे?" चैतालीनं विचारलं.

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. वैष्णवी खुदकन हसली आणि मग स्वतःच सांगू लागली. गरम तव्यावर पाय ठेवल्यासारखं. कधी मुंग्या. मैदानाकडे नुसतं बघितलं तरी वाढतं. चैतालीनं ऐकून घेतलं. मग कापूस फिरवला, हाड दाबून पाहिलं, बोटं हलवायला लावली, दोन्ही पायांची ताकद ताडून बघितली.

"दुखणं एकाच जातीचं नसतं," ती म्हणाली, आजीला नाही, वैष्णवीला. "हाडाला, स्नायूला इजा झाली की एक. शीर दुखावली की दुसरं, ते शिरेच्या वाटेनंच पळतं. तुझं तिसरं आहे. इजा भरली, पण शरीराची राखण करणारी यंत्रणा अजून सावध आहे. दुखतंय ते खरंच दुखतंय. फक्त आत आता काही मोडलेलं नाही."

वैष्णवीनं पायाकडे बघितलं. "आमच्या बागेच्या कुंपणाला रानडुकरांसाठी झटका मशीन आहे. तारेला गवताचं पातं लागलं तरी भोंगा वाजतो. बाबा बॅटरी घेऊन पळतात, आणि डुक्कर नसतंच. तसं?"

"अगदी तसं. हे मी आता दुसऱ्या मुलांनाही सांगणार."

झुंबरबाईंची मान ताठ झाली. त्यांना आपली आई आठवली. लहानपणी संध्याकाळी यांच्या नडग्या ठणकायला लागल्या की ती तेल चोळत म्हणायची, हे वाढीचं दुखणं. थोरल्या भावाचं कामाचं, म्हातारीचं वाताचं. आईपाशीही दुखण्यांच्या जाती होत्याच. पण खोटं दुखणं अशी जात तिनं कधी केली नव्हती.

"आधी पायावर कापूस फिरवायचा, मग टॉवेल, मग बाजरीत पाय घालून बसायचं, म्हणजे पाय स्पर्शाला सरावेल," चैतालीनं समजावलं. "त्यानंतर हळूहळू भार. आणि आजी, सगळ्यांत अवघड व्यायाम तुम्हाला. 'दुखतंय का' असं विचारायचं नाही."

"मग काय इचारू?"

"आज काय केलंस, ते. राखणदाराला घडोघडी 'चोर आला का' विचारलं, तर तो निवांत बसेल कसा?"

घरी वैष्णवी बाजरीच्या घमेल्यात पाय घालून बसे, दात आवळून. समोर झुंबरबाई लसूण सोलत बसत, त्याही दात आवळून. 'दुखतंय का' अगदी ओठांवर येई. मग त्या म्हणत, "आज काय केलंस गं?"

"टाच बुडवली."

पुढं, "उभी राहिले." त्यापुढं, "ओट्यावरून उतरले, आणि आजी, तू बघत नव्हतीस."

निवडीच्या दिवशी झुंबरबाई मैदानाच्या कडेला उभ्या होत्या. मैदानातल्या पाटीवर बसलेल्या वैष्णवीला मागून खो मिळाला. ती उठली, पहिल्या दोन पावलांना थोडी लंगडली, मग सुटली, आणि खांबाला वळसा घालून समोरच्या पोरीच्या पाठीला हात लावून आली.

सर झुंबरबाईंजवळ आले. "आजी, आता दुखत नाही ना तिला?"

किती दिवस गिळलेला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडून आला होता. झुंबरबाईंनी पदर नीट केला.

"मला काय इचारता, सर? पाय तिचा हाय."

सरांनी वैष्णवीला हाक मारली आणि तोच प्रश्न केला.

"दुखतंय थोडं," ती धापा टाकत म्हणाली. "पण कसलं दुखतंय ते मला माहीत आहे, सर. सांगू का?"

सर म्हणाले, "सांग." आणि निवडीचा कागद काखेत धरून ऐकत उभे राहिले. ती झटका मशीनपासून सुरू झाली. झुंबरबाई दोन पावलं मागं सरकल्या, म्हणजे मध्ये बोलायचा मोह व्हायला नको.