मासळीच्या पाटीतली लाट

मित्रांनो, मी मासळीची एक जुनी पाटी आहे. ॲल्युमिनियमची, गोल, सव्वा हात रुंद आणि अर्धी वीत खोल. भांडुपच्या एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवलं आणि एकोणीस वर्षांपूर्वी मढच्या कृष्णाबाईने मला घरी आणलं. तेव्हापासून मी तिच्या डोक्यावर आहे.

रोज सकाळी आम्ही मढहून होडीने वर्सोव्याला येतो. होडीत ती मला पायाशी ठेवते आणि मी बाहेर बघत बसते. लाट येते, पाण्यावरची रिकामी बाटली वर उचलली जाते, खाली येते आणि जवळजवळ होती तिथेच राहते. लाट मात्र पुढे निघून जाते. मग पुढे गेलं ते काय? पाणी तर नाही गेलं. हा प्रश्न मला कित्येक सकाळी पुरला. आणखी एक गोष्ट मी पाहिली. किनाऱ्याजवळ, जिथे पाणी उथळ, तिथे लाटेची चाल मंदावते.

माझ्या पोटातही लाटा असतात. वितळत्या बर्फाचा थेंब पडला की एक वर्तुळ निघतं, काठाला आपटतं आणि परत येतं. या लाटा मला लाडक्या होत्या. त्यांच्यामुळेच कृष्णाबाईचा धंदा बुडायची वेळ येईल, असं मला वाटलं नव्हतं.

अंधेरीतल्या एका सोसायटीत आमचा फेरा असतो. चार इमारती, प्रत्येकी तीन मजले, सगळे जिने पायी. पहिल्या इमारतीत मी पापलेट, बोंबील आणि बर्फाने गच्च असते. चौथीपर्यंत मासळी उरते थोडी आणि पाणी होतं चार बोटं. ते पाणी कृष्णाबाई ओतत नाही. तिच्या सासूची शिकवण अशी, की पाटी उपडी केली म्हणजे त्या दिवसाचा धंदा उठला. शेवटचा मासा जाईपर्यंत पाणी पाटीतच राहणार.

गेल्या बुधवारी चौथ्या इमारतीच्या नव्या लादीवर ते पाणी सांडलं आणि एक आजोबा घसरता घसरता वाचले. सेक्रेटरी अस्मिता मॅडम खाली आल्या.

"मावशी, किती वेळा सांगायचं? रविवारी परत पाणी दिसलं तर गेटवरूनच परत जायचं."

"नाय सांडणार. हळू चालते मी."

"हळूच चालत होतात ना आत्ता?"

खरंच ती हळू चालत होती. पाय मोजून टाकत होती, आणि मी हिंदकळत होते.

मॅडम गेल्यावर वॉचमन नंदकुमार फडकं घेऊन आला. हा मूळचा मालवणकडचा. तो वाकला आणि पुसायचं सोडून बघतच राहिला.

"मावशे, गंमत बघ. पाणी डाव्या अंगाक पडलाहा, मगे उजव्या, परत डाव्या. एका बाजूचो थेंब दर दोन पावलांनी. अशा हिशेबान कोण सांडता?"

"तू फडकं मार रे. माझा फेरा चाललाय आन् तुला गंमत सुचतेय."

पण घरी गेल्यावर तिने ही गोष्ट सुनेला, कल्पिताला सांगितली. कल्पिता फोनवर मासळीच्या ऑर्डरी घेते. सासूने आता फिरणं थांबवावं असं तिला मनापासून वाटतं.

"आये, बरंच झालं. गुडघे दुखतात ना तुझे? घरी बस."

"घरी बसून काय करू गो? तुझं तोंड बघू? त्या जिन्यांवर माझी माणसं हायेत."

कल्पिताने तो विषय सोडला, पण थेंबांचा हिशेब तिच्या डोक्यात राहिला. थोड्या वेळाने तिने मला अंगणात आणलं, चार बोटं पाणी भरलं आणि एक धक्का दिला. लाट डावीकडून उजवीकडे गेली आणि परत आली. तिने फोनवर वेळ धरली. दहा फेऱ्यांना तेरा सेकंद.

"आता मला डोक्यावर घेऊन चाल. सॉरी, मला नाही, पाटीला."

"तुला उचलायला सांगशील तर नाय म्हणेन."

कृष्णाबाई चालली. डावा पाय, उजवा पाय, परत डावा. पावलांच्या दहा जोड्यांना तेरा सेकंद. मित्रांनो, तेव्हा मला उलगडलं. तिच्या सावकाश चालीचा झोका आणि माझ्या लाटेचा झोका एकच झाला होता. झोपाळ्याला नेमक्या वेळी रेटा द्यावा, तसं तिचं प्रत्येक पाऊल लाटेला मोठं करत होतं. सांडू नये म्हणून ती जपून चालायची आणि जपून चालल्यानेच सांडायचं.

"मग पळू का?" तिने विचारलं.

"या गुडघ्यांनी? पाणी कमी कर. उथळ झालं की लाट हळू होईल, तुझ्या पावलांशी जुळणार नाही."

"ओतणार नाय."

"मग लाटच तोडू."

कल्पिताने थर्माकोलच्या खोक्याची पट्टी कापली आणि माझ्यात आडवी, कृष्णाबाईच्या या कानाकडून त्या कानाकडे जाईल अशी घट्ट बसवली. कृष्णाबाई चालली, लाट पट्टीच्या कडेकडेने तशीच धावली आणि तिचा खांदा भिजला.

"झकास," ती म्हणाली. "आता मलाच पुसायला लागेल."

कल्पिताने मला पाव फेरा फिरवलं. आता पट्टी कपाळाकडून मागे गेली. डावीकडची लाट मध्येच पट्टीला आपटू लागली. एका लांब लाटेच्या दोन आखूड लाटा झाल्या, भराभर हलणाऱ्या, पावलांशी न जुळणाऱ्या. कृष्णाबाईने अंगणात सहा फेऱ्या मारल्या. पदर कोरडाच होता. पुढची बाजू चुकू नये म्हणून कल्पिताने माझ्या काठावर खिळ्याने खूण केली.

रविवारी चौथ्या इमारतीच्या दारात अस्मिता मॅडम उभ्या होत्या. आम्ही तीन मजले चढलो आणि उतरलो. नंदकुमार फडकं घेऊन मागोमाग होता. खाली आल्यावर त्याने ते फडकं मॅडमना दाखवलं. कोरडं होतं.

मॅडमनी लादीकडे पाहिलं, मग माझ्यात डोकावलं. "हे मध्ये काय घातलंय?"

"लाटेला कुंपण," कृष्णाबाई म्हणाली. "बोंबील ताजे हायेत. देऊ?"

"द्या," मॅडम म्हणाल्या. "आणि बुधवारी पापलेट आणा."

मित्रांनो, माझा पत्रा आता पातळ झालाय. दोन ठिकाणी भोकं बुजवायला डाग दिलेत. मला घासा, पण तारेने नको. आणि कुणाच्या हातून पाणी सांडलं, तर ओरडण्याआधी खाली वाका आणि थेंब कुठे कुठे पडलेत ते बघा. चूक नेहमी हाताचीच असते असं नाही.