वहीवाली बाई

दर तीन महिन्यांनी सरहद्दीपलीकडे जायचं, दुपारभर थांबायचं आणि पासपोर्टवर नवा शिक्का घेऊन परत यायचं, असं नकाशेवाल्याचं दोन वर्षं चाललं होतं. कागदोपत्री तो पर्यटक, दर शिक्क्याला तीन महिन्यांपुरता. प्रत्यक्षात भाड्याच्या खोलीत बसून मायदेशातल्या एका कंपनीसाठी घरांचे नकाशे काढायचा. त्यामुळे कुणी अनोळखी माणूस दोन शब्द जास्त बोलला, की तो खोटं सांगून मोकळा व्हायचा.

या खेपेला व्हॅनमध्ये शेजारी एक नवीनच बाई बसली. चाळिशीची, मांडीवर वही.

"तुम्ही नेहमी याच गाडीने जाता का हो?"

"छे, पहिल्यांदाच," त्याने ठोकून दिलं.

चहाच्या थांब्यावर मास्तरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. त्या गाणं शिकवायच्या आणि पाच वर्षं याच फेऱ्या मारत होत्या. "जपून हं. इमिग्रेशन खात्यातली दिसतेय. कोण किती वेळा येतं, ते ड्रायव्हरला विचारत होती."

झालं! गाडीतल्या सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं. बाई मात्र अधूनमधून एकेकाचा चेहरा न्याहाळत राहिली.

पलीकडे शिक्का घेऊन तो बाहेर पडतो न पडतो, तोच तिने त्याला गाठलं. वहीतून फोटो काढला. "हा माझा धाकटा भाऊ. घड्याळं दुरुस्त करतो. याच गाडीने जायचा. सहा महिने झाले, ना फोन ना पत्र."

नकाशेवाल्याने त्याला लगेच ओळखलं. सहा महिन्यांपूर्वी परतीच्या खिडकीवर साहेबाने शिक्का नाकारून याला इकडेच अडवलं होतं. तेव्हापासून स्टँडमागच्या सायकलच्या दुकानात विनाकागद राबत होता. मागच्या खेपेला भेटला, तेव्हा 'कुणाला सांगू नकोस' म्हणून त्याने शपथ घातली होती. आणि ही खरंच बहीण कशावरून?

"भाऊ ना? मग सांगा, झोपेत काय करतो?"

"दात खातो! करकरा! लहानपणी उशी फेकून मारायचे मी त्याला."

एकदा गाडी बिघडून सगळे इथेच अडकले, तेव्हा लॉजच्या एका खोलीत ती करकर नकाशेवाल्याने रात्रभर ऐकली होती. असली माहिती कुठल्या फायलीत असणार? तरी शंका काही जाईना. "इथेच थांबा, आलोच," म्हणून तो एकटाच दुकानात गेला.

"तुझी बहीण आलीय."

घड्याळजीच्या हातातला पाना खाली पडला. "नाही म्हणून सांग. कुठल्या तोंडाने भेटू?"

"आहे त्या तोंडाने!" दारातून आवाज आला. तिचाही नकाशेवाल्यावर विश्वास नव्हता. ती मागोमाग आली होती. "फोन करायला बोटं झडली होती?" तिने त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि मग तिथेच, सायकलींच्या गर्दीत, त्याला धरून रडू लागली.

उद्या दोघं वकिलातीत जाऊन त्याच्या मायदेशी परतण्याचे कागद करणार होती. नकाशेवाल्याला मात्र व्हॅन गाठायची होती. खिडकीवरच्या साहेबाने पासपोर्टची पानं सावकाश उलटली, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

गाडीत मास्तरीणबाई वाटच पाहत होत्या. "कुठे होतात तिच्याबरोबर इतका वेळ?"

"तिचा भाऊ सापडला."

"असं का? खात्यातल्या बाईला भाऊ सापडला?" त्या म्हणाल्या आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. परतीच्या चार तासांत त्याच्याशी कुणीही बोललं नाही.