देवाजीचा घोडमासा

केशवराव मास्तरांनी काचेची बरणी खिडकीच्या उजेडात धरली, तेव्हा देवाजी पाण्याची बादली घेऊन दारात उभा होता. बरणीत वीतभर लांबीचा, घोड्याच्या तोंडाचा, शेपटीचं वेटोळं केलेला एक पिवळट जीव तरंगत होता. हा समुद्रातला घोडमासा, मास्तर नववीच्या वर्गाला सांगत होते. मादी नराच्या पोटावरच्या पिशवीत अंडी घालते आणि निघून जाते. पिल्लं बाहेर पडेपर्यंत नरच ती पोटाशी वागवतो.

पोरं हसली. देवाजीच्या हातातली बादली तशीच राहिली.

अड्याळच्या त्या शाळेत तो विज्ञानाच्या खोलीचा शिपाई होता. त्याआधी जातीचा धंदा, तलावात जाळं टाकायचा. बायको बाळंतपणात गेली आणि अकरा दिवसांची पुष्पा त्याच्या एकट्याच्या पदरात पडली. दुसरं लग्न कर, म्हणून सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्याने शेळीच्या दुधात कापसाची वात भिजवून पोरीला जगवलं. दुपट्ट्याने पोटाशी बांधून तिला डोंग्यातून, त्या छोट्या होडीतून, मासे धरायला नेलं. बाया त्याला ‘देवामाय’ म्हणायच्या आणि पुरुष हसायचे. पोरगी चार वर्षांची होऊन डोंग्यात उभी राहायला लागली तशी त्याला पाण्याची धास्ती वाटू लागली. जाळं सोडून त्याने नोकरी धरली.

वर्ग सुटल्यावर त्याने मास्तरांना विचारलं, “हे खरं होय का जी? का पोरायले हसवासाठी सांगतलं?”

“अगदी खरं, देवाजी. पुस्तकात आहे.”

संध्याकाळी पानठेल्यावर त्याने हे सांगितलं. कोणी मानेना. गावच्या तलावात सोन्याची नथ घातलेला मासा आहे, हे त्याच मंडळींना पक्कं ठाऊक होतं. दोघांच्या आज्यांनी तो पाहिलाही होता. पण नराच्या पोटी पिल्लं?

“तुयाच भाऊ असन तो, देवामाय,” एकजण म्हणाला.

हे एकोणऐंशी सालचं. पुष्पाला सानगडीला देऊन दोन वर्षं झाली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून देवाजी सुटी काढून, दोन एस.टी. बदलून तिला आणायला गेला.

विहीण सत्यभामाबाई वाईट नव्हत्या. त्यांनी चहा दिला, ख्यालीखुशाली विचारली आणि मग सांगितलं, की तुमच्या घरी बाईमाणूस नाही. शेकणं, तेल लावणं, बाळाला न्हाऊ घालणं कोण करणार? बाळंतपण इथेच होईल.

देवाजीने वाटभर घोडमाशाची गोष्ट मनात जुळवून आणली होती. त्या सारवलेल्या ओसरीवर ती तोंडातून निघेना.

“तिले म्याच वाढवलं जी,” तो एवढंच म्हणाला.

“वाढवलं नं. नाई कोन म्हनते? पन हे बाईचं काम होय.”

पुष्पा फाट्यापर्यंत पोचवायला आली. चालताना तिला दम लागत होता. एस.टी.ची वाट पाहताना त्याने तिला घोडमाशाचं सगळं सांगितलं. तिने मन लावून ऐकलं.

“पिल्लायले मंग त्याची आठवन रायत असन का, बाबा?”

“मास्तरले पुसलो नाई.”

“तुया अंगाले मासोळीचा वास ये,” ती म्हणाली. “तो मले आठवते.”

आता ही म्हणेल, मी येते तुयासंगं, असं त्याला वाटलं. ती म्हणाली नाही. तिला म्हणता येणार नव्हतं, हे त्यालाही कळत होतं. एस.टी. आली, तो चढला.

घरी पुष्पासाठी त्याने नवी बाज विणून ठेवली होती. दोरी दोनदा ओढून घट्ट केलेली. आठ दिवस ती भिंतीला टेकून उभी राहिली. तो खाली सतरंजीवरच निजला. मग शेजारच्या शकुनबाईची लेक बाळंतपणाला माहेरी आली. त्यांच्याकडची बाज मोडकी होती. शकुनबाईने कुंपणापाशी येऊन चाचरतच ही बाज मागितली; न्यायला माणूस पाठवते म्हणाली.

देवाजीने माणूस लागत नाही म्हणून सांगितलं. बाज डोक्यावर घेऊन तो स्वतःच गेला. तिथली जमीन खालीवर होती, म्हणून बाजेच्या एका पायाखाली खापर सारलं. चारही कोपऱ्यांत तळहात दाबून पाहिला. दारात बाया थांबल्या होत्या, तो बाहेर निघण्याची वाट पाहत.

“दोरी ढिली झाली त सांगजो,” तो शकुनबाईला म्हणाला आणि बाजूने वाट काढत अंगणात उतरला.