दुसऱ्या गटात जायचं नव्हतं

आमच्या सायकल मंडळाचे दोन गट आहेत. पहिला साडेसहाला निघतो आणि सातला पुलावर असतो. सलग तीन रविवार जो उशिरा पोचेल, त्याची रवानगी दुसऱ्या गटात. दुसऱ्या गटाचे म्होरके माझे सासरे. मी दोन रविवार उशिरा पोचलो होतो.

सासऱ्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, असं मी पंचवीस वर्षं म्हणत आलोय. पण सहा दिवस त्यांचे सल्ले फोनवर ऐकायचे आणि सातव्या दिवशी त्यांच्या मागून सायकल हाणायची, ही शिक्षा गुन्ह्याच्या मानाने जास्त होती.

मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढतो. पुलाआधीचा चढ शंभर मीटरला चार मीटर आहे, हे मी झोपेतही सांगेन. त्याचा तिथे काडीचा उपयोग होत नाही. 'काका, जरा डावीकडे' म्हणत पोरं पुढे जातात, त्यांचं सोडा. गेल्या रविवारी एक बाई मागच्या सीटवर मूल घेऊन पुढे गेल्या. मुलाने वळून मला टाटा केला.

मंडळाचा कप्तान दातांचा डॉक्टर आहे. तो म्हणाला, "साहेब, तुमची ढगळ पँट शिडासारखी फुगते. गादीची चड्डी घ्या. अंगाला चिकटून बसणारी."

"ती घालून माणूस सोललेल्या कोंबडीसारखा दिसतो."

"दिसतो. पण पुढे दिसतो."

घेतली. काळी, मांडीवर पिवळी रेघ, बुडाखाली स्पंजची गादी. घालून आरशासमोर उभा राहिलो, तशी बायकोने वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"हे घालून जिना उतरणार?"

"सगळे घालतात."

"सगळे आपापल्या जिन्यावरून उतरतात. आपल्या खाली मुख्याध्यापिका राहतात."

तिचंही खरं होतं. मग मी सगळ्यांची सोय पाहिली. सर्वांत आत नेहमीची चड्डी, कारण तिच्याशिवाय घराबाहेर पडायची मला सवय नाही. तिच्यावर गादीची. आणि मुख्याध्यापिकांसाठी वरून जुनी पँट, जी चौकाच्या पुढे काढून पिशवीत टाकायची. पण सकाळी पावणेसातला पँट काढता येईल अशी जागा या शहरात नाही. दर वळणावर कुणीतरी कुत्रं फिरवत उभं असतं. पन्नास नकाशे काढूनही हे मला ठाऊक नव्हतं.

चढ लागला आणि आतल्या चड्डीची शिवण मांडीत रुतायला लागली. बसवेना, उभं राहून पायडल मारवेना. मागे राहिलेल्यांना बघायला कप्तान उतार उतरून माझ्या बाजूला आला.

"चड्डी घेतली होतीत ना?"

"आत आहे."

"आत म्हणजे?"

मी धापा टाकत तिन्ही थर सांगितले. त्याने वाकून माझ्या पँटकडे पाहिलं. दात काढायच्या आधी पाहत असावा तसं.

"तिच्या आत काही घालायचं नसतं, साहेब," तो म्हणाला. "आणि बाहेर तर नाहीच नाही." मग मान हलवून तो पुढे निघून गेला. दुकानदाराने हे सांगायला काय हरकत होती, ते त्यालाच माहीत.

पाच मिनिटांनी मागून घंटी वाजली. दुसरा गट पंधरा मिनिटं उशिरा निघतो. सासरे काळ्या सायकलवर ताठ बसलेले, पँट मोज्यांत खोचलेली, वय एकोणऐंशी.

"जावईबापू, डावीकडे घ्या."

मी घेतलं. त्यांच्या मागोमाग सहा म्हातारे गेले. त्यातले दोघं गुडघ्यांच्या ऑपरेशनबद्दल बोलत होते.

पुलावर पोचलो तेव्हा सव्वासात होऊन गेले होते. पहिला गट केव्हाच पुढे गेला होता. सासरे कठड्याला सायकल टेकवून माझी वाट बघत होते.

"तिसरा रविवार ना? कप्तान सांगून गेला."

"हो."

"आमच्यात एकच नियम. कुणी कुणाच्या पुढे जायचं नाही."

"मग पुढे कोण असतं?"

"मी," ते म्हणाले आणि माझ्या पँटकडे बघत राहिले. "ही अशी फडफडते कशी? मोज्यात खोचा."

सहा म्हातारे बघत होते. मी वाकलो आणि खोचली.